पांढरे ठिपके आणि श्वेतद्रव्य : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

साठी उलटलेल्या कोणाच्याही मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसतात, कंपवात (पार्किन्सन्स) हा मुळात डोपामिन या मेंदूतील रसायनाच्या कमतरतेचा आजार आहे, आणि ‘ठिपके ही डिमेन्शियाची (बुद्धी व स्मृती ढासळण्याची) चाहूल आहे’ असे माझ्या लेखात लिहून, या दोहोंची सांगड घालून मी रुग्णांना विनाकारण घाबरवले, असा आपला आक्षेप आहे. त्यातील पहिला मुद्दा मला मान्य आहे. श्वेतद्रव्य म्हणजे मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या मज्जातंतूंचा भाग. ‘श्वेतद्रव्यातील बदल’ हा एकच शब्दप्रयोग मी दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला, ही चूक माझीच.

अहवालात नमूद होणारे ठिपके बहुतांशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकाराचे असतात. वय आणि उच्च रक्तदाब यांच्याशी त्यांचे नाते आहे, आणि कंपवाताच्या रुग्णांत ते इतरांपेक्षा अधिक असतात की नाही, याविषयी अभ्यासांत एकवाक्यता नाही. तरीही कंपवाताशी त्यांचा संबंध नाहीच, असे म्हणता येत नाही. या आजारात रक्तदाब आपोआप सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था बिघडल्यामुळे काही रुग्णांचा रक्तदाब उभे राहताच घसरतो आणि आडवे झाल्यावर चढतो, आणि अशा रुग्णांत ठिपके अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

दुसरी गोष्ट साध्या एमआरआयमध्ये दिसतच नाही. डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग या तंत्रात पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने सरकतात ते मोजतात. निरोगी मज्जातंतूंच्या जुड्यांमध्ये पाणी तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज वाहते, पण तंतूंची किंवा त्यांच्यावरील मायलिनच्या आवरणाची रचना विस्कटली की ते आडवेही पसरू लागते. बौद्धिक क्षमता घटलेल्या कंपवाताच्या रुग्णांत असे बदल दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये आणि पुढच्या भागाकडे जाणाऱ्या मार्गांमध्ये अधिक आढळतात, आणि काही अभ्यासांत तर करड्या द्रव्याची (मेंदूच्या पेशी असलेल्या भागाची) झीज ठळक होण्याआधीच ते दिसले आहेत.

‘केवळ डोपामिन’ या आपल्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचे वर्णन करताना बुद्धी शाबूत राहते असे लिहिले, आणि तो समज दीर्घकाळ टिकला. सिडनीतील दीर्घकालीन पाहणीत 20 वर्षांनंतर हयात असलेल्यांपैकी 83 टक्के रुग्णांना डिमेन्शिया होता. (हा आकडा जुन्या पिढीतील रुग्णांचा आहे, अलीकडच्या पाहण्यांत प्रमाण बरेच कमी दिसते.) डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाने हालचाली सुधारतात, पण डिमेन्शियावर तिचा फारसा उपयोग होत नाही; त्यासाठी दिले जाणारे रिव्हास्टिग्मिन अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनावर काम करते, आणि त्या रसायनाचे तंतू श्वेतद्रव्यातूनच कॉर्टेक्सकडे (मेंदूच्या बाह्य थराकडे) जातात.

तंतूंतील बिघाड हे घसरणीचे कारण आहे की पेशी मरण पावल्यानंतरचा परिणाम, हे अद्याप ठरलेले नाही; शिवाय हे निष्कर्ष रुग्णसमूहांच्या सरासरीचे असल्याने एखाद्या व्यक्तीचे भवितव्य त्यावरून वर्तवता येत नाही. म्हणून ‘ठिपके ही डिमेन्शियाची चाहूल आहे’ हे लेखातील वाक्य मी मागे घेत आहे. तंतूंच्या रचनेविषयीचा परिच्छेद मात्र तसाच ठेवीत आहे.