असल्यास, नसल्यास

अधिवेशन नागपूरला आणि रजा रद्द आमच्या सांगलीत, हे गणित मला नोकरीला लागल्यापासून अजून सुटलेलं नाही. नोव्हेंबर संपत आला की ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडतो, "अधिवेशन कालावधीत कुणीही मुख्यालय सोडू नये, फोन बंद ठेवू नये," आणि त्याच्याखाली सगळे गुमान अंगठे टाकतात. ज्याच्या मेव्हण्याचं लग्न नेमकं त्याच आठवड्यात असतंय तो अंगठा टाकायला जरा उशीर लावतो, एवढाच काय तो आमचा निषेध. ऑफिस कुठलं, खातं कुठलं ते सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या अधिवेशनात त्याच्यावरच प्रश्न लागायचा आणि त्याची माहिती परत मलाच द्यावी लागायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, विधानसभेत 288 आणि परिषदेत 78 लोक बसतात, ते भांडतात, कायदे करतात आणि आपण मोबाईलवर बघतो. तसं नसतंय ओ. तिथं मंत्री उभं राहून ज्या दोन ओळी वाचतात त्या मंत्रालयातल्या कार्यासनानं आयुक्तालयाकडून मागवलेल्या असतात, आयुक्तालयानं जिल्ह्याकडून, जिल्ह्यानं तालुक्याकडून आणि तालुक्यानं गावातल्या ग्रामसेवकाकडून, जो त्या वेळेला कुणाच्यातरी मयतीला गेलेला असतो. सदस्यानं प्रश्न दिलेला असतो कितीतरी आठवडे आधी, पण तो खाली येताना प्रत्येक ऑफिसात मुक्काम करत येतो, आणि माझ्या टेबलावर पोचतो तेव्हा त्याच्यावर लाल अक्षरात "विधानमंडळ कामकाज, अतितातडीचे, आज दुपारी 3 पर्यंत" असं लिहिलेलं असतं आणि घड्याळात वाजलेले असतात अडीच.

यंदा आमच्या वाट्याला आला हायमास्टचा, म्हणजे गावातल्या उंच खांबावरच्या दिव्यांचा तारांकित, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असा प्रश्न. प्रश्न कुणाचाही असो, विषय कुठलाही असो, साचा एकच. जिल्ह्याच्या ग्रामीण भागातले अनेक हायमास्ट दिवे बंद असल्याचे माहे ऑक्टोबरमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय आहेत? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता ह्याच्यात गंमत अशी की पहिल्या भागाला "हे खरे नाही" असं लिहिता आलं की बाकी सगळ्याला "प्रश्न उद्भवत नाही" एवढं लिहून मोकळं होता येतं. म्हणून आमचे भाऊसाहेब, ज्यांची अर्धी हयात ह्या एलएक्यूत, म्हणजे विधानसभेच्या प्रश्नांत गेलीय, नवीन पोरांना पहिल्या दिवशीच सांगतात, "बाळ, खाली वाचायचंच नाही. पहिला भाग धर. पहिला पडला की बाकीचे आपोआप पडतात."

पण त्याच्याही आधी एक पायरी असते, ती म्हणजे हा प्रश्न आपला नाहीच असं सिद्ध करणं. हायमास्ट ही वस्तू त्यासाठी फार सोयीची आहे. निधी आमदारांचा नाहीतर खासदारांचा, मंजुरी एका ऑफिसची, खांब ठोकला ठेकेदारानं, बिल यायचं ग्रामपंचायतीला, वायर वीज कंपनीची, आणि उद्घाटनाचा फलक ज्यांचा त्यांचा. मग आम्ही "सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही" असं पत्र जिथं जिथं जाईल तिथं पाठवलं, आणि संध्याकाळपर्यंत तिथून तिथून तसलंच पत्र आम्हाला आलं. एका ऑफिसनं तर आमचंच पत्र कॉपी करून खाली सही बदलून धाडलं होतं, आमचा जावक क्रमांकसुद्धा पुसायची तसदी घेतली नाही. म्हणजे बघा, आमच्या नावानं आम्हीच आम्हाला कळवत होतो की ही बाब आमची नाही. शेवटी साहेबांना वरून फोन आला आणि साहेब बाहेर येऊन म्हणाले, "संबंधित नसलं तरी माहिती द्या." ह्याच्यावर अपील नसतं.

मग गावोगाव फोन. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा, कुठं रेंज नाही, कुठं उचलत नाहीत. जतकडच्या एका ग्रामसेवकाला विचारलं, "तुमच्याकडचे हायमास्ट चालू आहेत का बंद?" तर तो म्हणाला, "आत्ता बंदच हायत."

"किती?"

"सगळेच. दिवसा कुठं चालू असत्यात साहेब?"

मी म्हणालो, अहो रात्रीचं विचारतोय. तर तो म्हणाला, मग रात्री बघून सांगतो. आणि माहितीचा तक्ता द्यायचा होता दुपारी तीनला. दुसऱ्यानं तर माझ्यावरच उलटा डाव टाकला, "तुम्हाला किती पाहिजेत तेवढे लिहा की, आमी कुठं न्हाई म्हणतोय." तिसऱ्या गावात मात्र वेगळंच, तिथला दिवा दिवसाढवळ्या चालू होता आणि तो बंद कसा करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. हा चालू दिवा कुठल्या रकान्यात घालायचा ह्याच्यावर आमच्याकडं चांगलीच चर्चा झाली. तक्ता वरून आलेला, त्यात रकाने दोनच. भाऊसाहेबांनी निकाल दिला, प्रश्न बंद दिव्यांचा आहे, चालूबद्दल आपल्याला कुणी विचारलेलं नाही, निरंक, म्हणजे शून्य लिहा.

तक्ता भरून पाठवला तर वरून फोन, "तुमची फाईल उघडली की नुसते चौकोन आणि आडव्या रेघा दिसतायत." झालं होतं असं की दोन तालुक्यांनी जुन्या फॉन्टात टाईप करून दिलेलं, वरती युनिकोड. परत बसून सगळं नव्यानं टाईप. वर आणखी निरोप, सहीशिक्क्याची मूळ प्रत पण लागेल, माणूस पाठवा. मग ऑफिसातल्या एका अविवाहित मुलाला (लग्न झालेल्यांनी एका आवाजात त्याचं नाव सुचवलं, हा आमच्याकडचा एकमेव एकमतानं संमत ठराव) फाईल देऊन मिरजेतून महाराष्ट्र एक्सप्रेसला बसवलं. ही गाडी कोल्हापूरहून गोंदियाला जाते, मधे पुणं, मनमाड सगळं करत, त्यामुळं फाईल नागपुरात पोचायला दुसरा दिवस उजाडून कलायला लागतो. पोरगा दौंडच्या आसपास असताना वरून मेसेज, "मूळ प्रतीची आवश्यकता नाही, स्कॅन चालेल." त्याला उतर म्हणून सांगावं का नको ह्यावर मतभेद झाले. नाही सांगितलं. निदान संत्री तरी आणेल म्हणालो.

ह्या सगळ्या भानगडीत आमच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात सभागृहाचं लाईव्ह चालू असतं, कारण आपला प्रश्न कधी पुकारतील ते बघायला लागतं. पहिल्या दिवशी फार काही नसतं, अध्यादेश पटलावर ठेवतात, पुरवणी मागण्या सादर होतात, मग शोकप्रस्ताव आणि तहकूब. आमचे शिपाई मामा शोकप्रस्तावाला खरोखर उभे राहतात. कुणी हसलं तर रागावतात.

खरी मजा विधेयकांची. अधिवेशन नसताना सरकारनं अध्यादेश काढलेले असतात, आणि सभागृह भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा केला नाही तर अध्यादेश आपोआप मरतो. नागपूरचं अधिवेशन तर त्याच्या निम्मंही चालत नाही बऱ्याचदा. त्यामुळं विधेयकं कारखान्याच्या काट्यावरून उसाच्या ट्रॉल्या जाव्यात तशी एकामागं एक जातात. मंत्री म्हणतात विधेयक विचारात घ्यावे, मग खंड 2, खंड 3, खंड 4 विधेयकाचा भाग झाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, होयचे बहुमत, विधेयक संमत झाले. मामा चहा सांगायला खाली गेले होते तेव्हा एक विधेयक सुरू झालं होतं आणि चहा घेऊन वर आले तेव्हा पुढचं चालू होतं. मामांनी विचारलं, "आधीच्याचं काय झालं?" मी म्हणालो, कायदा झाला. "आत्ताच?" आता अगदी बरोबर सांगायचं तर अजून झाला नव्हता, दुसऱ्या सभागृहात जायचं, राज्यपालांची संमती व्हायची, मग राजपत्र. पण इकडं हायमास्टच्या एका तक्त्याला दोन दिवस लागले होते आणि त्या मानानं झालाच म्हणायचा.

मामांना कोरमचं, म्हणजे सभागृह चालायला लागणाऱ्या कमीत कमी हजेरीचं पण भारी कौतुक. बाकं रिकामी दिसली की ते मोजायला लागतात. एक दशांश पाहिजेत, म्हणजे 288 ला 29, हे त्यांना भाऊसाहेबांनी शिकवलंय. "बावीसच हायत," असं म्हणून ते आमच्याकडं बघतात, जसं काय आम्हीच घंटा वाजवायची.

भाऊसाहेबांचं मात्र अधिवेशनावर मनापासून प्रेम. आम्ही वैतागून काही बोललो की ते वि. स. पागेंवर येतात. तासगाव तालुक्यातलं विसापूर, आपल्या जिल्ह्यातला माणूस, 1960 पासून 1978 पर्यंत परिषदेचा सभापती, आणि रोजगार हमीची कल्पना त्यांची, इथल्याच गावांत करून बघितलेली, मग 1977 साली कायदा झाला, आणि पुढं 2005 साली दिल्लीनं अख्ख्या देशाला केला तेव्हा नमुना हाच. "दुष्काळी भागातल्या माणसाला काम मागायचा हक्क मिळाला ते पण असंच होय म्हणून बरं का," असं ते म्हणतात आणि मग आमच्या तोंडातून हायमास्टबद्दल शिवी निघत नाही, निदान पाच मिनिटं. हे त्यांचं बरोबरच आहे. फक्त ते हे दर वर्षी, त्याच शब्दांत आणि नेमकं तीन वाजायला दहा मिनिटं असताना सांगतात.

आमच्या प्रश्नाच्या दिवशी सगळं ऑफिस माझ्या टेबलाभोवती. यादीत आमचा नंबर बराच खाली, आणि प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी घेतले जातात ते बोटावर मोजण्याइतके. तरी आशा म्हणा, भीती म्हणा. साहेबांनी मंत्र्यांसाठी संभाव्य उपप्रश्नांची पण उत्तरं तयार करून घेतली होती, एका हायमास्टची उंची किती, त्यात दिवे किती, बिघडला तर वर कोण चढतं. तिसऱ्याच प्रश्नाला विरोधक वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले, घोषणा, कागद उडाले, अध्यक्ष उभे राहिले, सभागृह पंधरा मिनिटं तहकूब. परत बसलं, परत तहकूब. तास संपला. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवल्याचं समजावं. आमचं उत्तर पण तसंच गपचूप पटलावर गेलं. हे अंशतः खरे आहे. काही ठिकाणी तांत्रिक कारणास्तव दिवे बंद असल्याचे आढळून आले. दुरुस्तीची कार्यवाही सुरू आहे. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.

मी चिडलो होतो खरा, पण एक गोष्ट मला कबूल करावीच लागेल. तक्ता तयार करताना जे आकडे सोमवारी आले ते बुधवारी जुळत नव्हते, बंद दिवे कमी झालेले. फोन केला तर एक ग्रामसेवक म्हणाला, "साहेब, तुमचा फोन आल्यावर सरपंच घाबरलं, विधानसभेत गावाचं नाव जातंय म्हणलं, रातोरात वायरमन बोलावून चालू करून घेतला." त्या गावात वर्षभर अंधार होता, अर्ज झाले होते, ग्रामसभेत ठराव झाले होते, काही हललं नव्हतं. आणि नागपुरात जो प्रश्न पुकारलासुद्धा गेला नाही त्यानं दिवा लावला. प्रश्न सभागृहात पोचायची वाटच बघत नाही, येता येताच काम करून जातो. मी हे भाऊसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, छान, पण आता ते गाव तक्त्यातून काढा आणि बेरीज बदला.

शुक्रवार अशासकीय कामकाजाचा. त्या दिवशी मंत्री नसलेले सदस्य आपापले ठराव मांडतात, बोलतात मनापासून, आणि मंत्री उत्तर देतात की सदस्यांची भावना रास्त आहे, शासन सकारात्मक आहे, त्यांनी ठराव मागे घ्यावा. ते मागे घेतात. मला हा प्रकार बघायला आवडतो, कारण त्यात कुणाला तक्ता भरायला लागत नाही. मी आवरायला घेतलं होतं, पोरगा संत्र्याची पेटी घेऊन परत निघाल्याचा फोटो ग्रुपवर आला होता, साहेब पण हसत होते. तेवढ्यात ग्रामीण रस्त्यांच्या कुठल्यातरी ठरावाला उत्तर देताना मंत्री म्हणाले, "अध्यक्ष महोदय, रस्त्यांबरोबरच राज्यातल्या सर्व हायमास्टची तपासणी करून घेतली जाईल, असं मी सभागृहाला आश्वस्त करतो."

बाकं वाजली. आमच्याकडं कुणी काही बोललं नाही. सभागृहात दिलेलं आश्वासन हे प्रश्नासारखं नसतं, ते पटलावर ठेवून संपत नाही, त्याच्यावर वेगळी समिती असते आणि ती समिती विसरत नाही. मंत्री बदलतात, सरकारं बदलतात, साहेब बदलतात, आश्वासन फाईलीत पूर्तता होईपर्यंत जिवंत. भाऊसाहेबांनी शांतपणे कपाटातनं नवीन फाईल काढली, लेस ओवली आणि माझ्याकडं सरकवली.

फोन वाजला तो जतकडच्या त्याच ग्रामसेवकाचा. त्यानं पण लाईव्ह बघितलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "ह्या टायमाला जरा अंधार पडल्यावर विचारा."