चादरीआधी मांजरपाट

मुलांना हातशिवण शिकवण्यावरच्या एका लेखात त्यांना पहिल्याच दिवशी जुन्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवायला सांगितलंय. कल्पना छान, पण क्रम उलटा. चादर जाड, काठाशी दुमडली की थर वाढतात आणि नऊ-दहा वर्षांच्या बोटांनी सुई आरपार जात नाही. शिवाय कापलेल्या कडेचे धागे भराभर सुटतात. पहिली पिशवी मांजरपाटाची, म्हणजे साध्या विणीच्या कोऱ्या सुती कापडाची करा. कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पिशवी पहिल्या धुण्यातच आटेल.

३८ × ८६ सेंमीचा एकच तुकडा पुरतो. तळाला घडी येते, त्यामुळे तिथे शिवण नाही. बाजूंना दीड-दीड सेंमी आणि तोंडाला ३-३ सेंमी दुमड धरली की तयार पिशवी ३५ × ४० होते. तोंडाची दुमड आधी, बाजू नंतर! बाजू आधी शिवल्या तर गोल तोंड दुमडताना मुलं रडकुंडीला येतात.

हातात धरायच्या बंदांसाठी ८ × ५५ च्या दोन पट्ट्या, ताण्याच्या म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांच्या दिशेने. आडव्या कापल्या तर ओझ्याने जास्त ताणतात. चार पदरी घडी घालून २ सेंमीचा बंद करा.

बाजूंना नुसता धावदोरा (सुई खाली-वर नेत घातलेले साधे टाके) चालत नाही, बटाट्यांच्या वजनाने फटी पडतात. उलटी टीप हवी, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे येऊन घालायचा. बंदाचं टोक ३ सेंमी आत घेऊन त्यावर टाक्यांचा चौकोन आणि त्यात फुली. पिशवी फाटते ती बहुधा इथेच. दोरा हातभरच, लांब घेतला की गाठी.

चादरीचा तुकडा दर्शनी खिसा म्हणून लावा, शोभतो.