पहिला खर्च तराजूवर करा

मित्रांच्या ग्रुपवर शस्त्रपरवान्याचा वाद अधूनमधून पेटतोच. एक बाजू म्हणते, अमेरिकेत माणूस घरच्या टेबलावर रिकाम्या पुंगळ्यांत पावडर (बारूद) आणि गोळी बसवून काडतुसं भरतो आणि आपल्याकडे साध्या परवान्यालाही प्रशिक्षणाचा दाखला लागतो. दुसरीला असं घरी काही भरणारा माणूसच धोकादायक वाटतो. मी इथे अमेरिकेत घरी काडतुसं भरतो, आणि मला दोन्ही बाजू पटत नाहीत.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. प्रशिक्षणाची अट २०१६ च्या नियमांत आली. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. पावडरचा पहिला डबा घेतला तेव्हा मला हे येतं का, असं कुणी विचारलंही नाही. म्हणजे नवशिक्याला आवर घालणारं जे काही असेल, ते त्याने स्वतःच विकत आणायचं.

आणि नेमकं तिथेच चुकतं. नवा माणूस हौसेने प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे काडतुसं भरायचं झटपट यंत्र, घेतो. एका हँडलसरशी चार-पाच कामं एकदम होतात आणि दर वेळी एक तयार काडतूस बाहेर पडतं. पण नजर एका वेळी एकाच कामावर राहते. सुरुवातीला एका वेळी एकच काम करणारा, स्वस्तातला सिंगल स्टेज प्रेसच घ्यावा: आधी सगळ्या पुंगळ्या डायमधून (साच्यातून) मापात आणायच्या, मग सगळ्यांना प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), मग पावडर, शेवटी गोळी बसवायची. वेळ लागतो, लागू द्यावा.

वाचलेले पैसे चांगल्या तराजूत आणि तो तपासायच्या वजनांत घालावेत. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एका पौंडात ७,००० ग्रेन. पिस्तुलाच्या काडतुसात जेमतेम चार-पाच ग्रेन जाते, तिथे अर्धा ग्रेनही फार झाला. लांबी मोजायला कॅलिपर आणि किती पावडर भरायची ते सांगणारं ताजं लोडिंग मॅन्युअल हवंच. त्यातल्या किमान मापापासून सुरुवात करायची, कुणाच्या ऐकीव मापावर नाही.

पहिल्याच महिन्यात पावडर भरताना मला फोन आला. बोलून परत बसलो, काम उरकलं, आणि गोळ्या बसवण्याआधी पन्नास पुंगळ्यांच्या ठोकळ्यावर टॉर्च मारला. तिसऱ्या ओळीतल्या एकीत पावडर शेजारणींपेक्षा बरीच वर आलेली. दोनदा भरली होती. नाइन एमएमच्या पुंगळीत बऱ्याच पावडरी दुप्पट मावतात, सांडत नाहीत, त्यामुळे टॉर्च मारला नसता तर मला कळलंच नसतं. ते काडतूस उडवलं असतं तर पिस्तूल हातात फुटू शकलं असतं. मी पन्नासही ओतून पुन्हा मोजल्या. आता भरताना फोन दुसऱ्या खोलीत असतो आणि टेबलावर पावडरचा एकच डबा.

म्हणून भारतातला तो प्रशिक्षणाचा दाखला रद्द करा म्हणणाऱ्यांना माझा पाठिंबा नाही. इथे पावडर देताना कुणी तसा दाखला मागू लागलं, तर रांगेत पहिला मी असेन.