मोटर न बदलता बिल का लावलं? एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा बघून वाईट वाटलंच, पण तुम्ही मुद्दे नेमके लिहिलेत, म्हणून उत्तरही मुद्द्याला धरून देतो. थोडं लांबेल.

इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात अशी. जुन्या गाडीचे वायपर भर पावसात बंद पडले. मोटर बदलायला म्हणून गाडी आमच्याकडे आली. आम्ही मोटर बदललीच नाही, जुनीच उघडून परत बसवली. न सांगितलेलं लिंकेजचं, म्हणजे मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचं, काम बिलात घातलं. मजुरी सुट्या भागांपेक्षा जास्त लावली. संध्याकाळी देतो म्हटलेली गाडी दुसऱ्या दिवशी दिली. आणि एवढं करूनही आता स्विच बंद केला तरी वायपर लगेच थांबत नाहीत. शिवाय नवी मोटर इंटरनेटवर याहून स्वस्त मिळते आणि तासाभरात बसते, असंही तुम्ही लिहिलंय.

शेवटच्या दोषापासून सुरुवात करतो, कारण तो दोष नाही. स्विच बंद केल्यावर वायपर खाली जाऊन काचेच्या कडेला आडवे झोपतात आणि मग थांबतात, असंच त्यांनी करायचं असतं. पूर्ण बंद पडण्याआधी तुमच्या गाडीत ते तसं करत नव्हते. स्विच बंद करा, वायपर जिथे असतील तिथेच, काचेच्या मधोमध उभे. गाडी आणून देणाऱ्यांनी हसतच सांगितलं होतं की घरात सगळ्यांना वायपर खाली आले की बरोबर त्या क्षणी स्विच बंद करायची सवय झाली आहे. ती सवय आता मोडावी लागेल, एवढाच त्रास.

हे काम मोटरच्या आतल्या पार्क स्विचचं. मोटरच्या मोठ्या गिअरवर धातूची चकती असते आणि तिच्यावरून पातळ पट्ट्या घासत फिरतात. तुम्ही स्विच बंद केलात तरी या चकतीतून मोटरला वेगळ्या वायरने करंट मिळत राहतो. वायपर तळाला पोचले की चकतीवरची मोकळी जागा पट्टीखाली येते आणि करंट तुटतो. नुसता करंट तुटून भागत नाही, कारण मोटर भरात असते. म्हणून त्याच क्षणी तिची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरती मोटर घटकाभर जनरेटर बनते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. हा ब्रेक नसेल तर वायपर तळाला थांबायच्या ऐवजी पुढे सरकून पुन्हा एक फेरी मारतील. तुमच्या मोटरमधल्या चकतीवर जुनं ग्रीस आणि कार्बनची भुकटी मिळून काळा थर बसला होता. तो काढला, पट्ट्यांना ताण दिला, पार्क चालू झालं. बिलात याचा वेगळा आकडा नाही.

आता मोटर न बदलण्याचा मुद्दा. जॉबकार्डवर तुमची तक्रार "मोटर गेली" अशीच लिहिलेली आहे. वायपर हलत नसले की सगळे मोटरलाच बोल लावतात. पण आमच्याकडे पहिली तपासणी असते ती मोटर लिंकेजपासून सोडवून एकटी चालवण्याची. मोटरच्या शाफ्टवरचा क्रँक, म्हणजे लिंकेजला ढकलणारा आखूड हात, सुटा केला, थेट बॅटरीवरून करंट दिला, तर मोटर फिरली. आवाज जड होता, जलद वेग अजिबात नव्हता, पण फिरली. मग दोन्ही वायपरचे स्पिंडल, म्हणजे वायपरचे हात ज्यांवर बसतात ते खुंट, हाताने फिरवून पाहिले. लिंकेज सुटं असताना ते दोन बोटांनी फिरायला हवेत. डाव्या बाजूचा फिरत होता. उजव्या बाजूचा पक्कडीनेही हलेना.

या स्पिंडलमध्ये पोलादी दांडा ॲल्युमिनियमच्या घरात फिरतो. वरची रबरी टोपी फाटली की पाणी आत शिरतं, ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, ती फुगते आणि दांड्याला आवळत जाते. एका दिवसात हे होत नाही. आधी वायपर जरा मंद होतात, कोरड्या काचेवर अडखळतात, मग पावसात चालतात आणि मध्येच थांबतात, थोड्या वेळाने पुन्हा चालू होतात. हे मध्येच थांबणं अनेकदा मोटरमधल्या कटआउटमुळे असतं. मोटर तापली की तो करंट तोडतो, गार झाली की जोडतो. तुमच्या गाडीत हे झालं असेल तर ती मोटर सुट्टी मागत होती.

पूर्वी इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारे वायपर असत. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ते मंदावत, चालकाच्या शिव्या खात, पण अडले तर नुसते अडून राहत, जळत काही नसे. इलेक्ट्रिक मोटरचं तसं नाही. फिरती मोटर स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते आणि त्याने करंट आवरलेला राहतो. तिला अडवलं की तो आवर जातो. ओल्या काचेवर साधारण तीन-चार अँपिअरवर चालणारी मोटर पूर्ण जाम झाली तर वीसच्या पुढे ओढते. करंट पाचपट झाला की वाइंडिंगमधली, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीतली, उष्णता पंचवीसपट होते. त्या जाम स्पिंडलवर नवी मोटर लावणं म्हणजे हँडब्रेक ओढलेल्या गाडीत नवं इंजिन टाकणं. तासाभरात बसली असती, यात वाद नाही. पण पुढच्या मोठ्या पावसात ती जळाली असती आणि तेव्हाचा तुमचा अभिप्राय याहून कडक असता.

फ्यूजबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण बिलावर नोंद आहे म्हणून सांगतो. वायपरच्या जागी निळा, म्हणजे १५ अँपिअरचा फ्यूज हवा होता. तिथे हिरवा, ३०चा बसवलेला होता. कुणी बसवला ते मी विचारत नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकणारे पुष्कळ भेटतात. पण फ्यूज उडत होता तो स्पिंडल जाम झाल्यामुळे, आणि मोठा टाकल्यावर जळायची पाळी मोटरवर किंवा वायरिंगवर आली असती. वायरिंग पूर्ण तपासलं, शाबूत आहे. आता योग्य फ्यूज आहे. तो पुन्हा उडाला तर कृपा करून मोठा टाकू नका, गाडी दाखवा.

मोटर उघडल्यावर काय दिसलं, ते फोटो तुमच्या घरच्या नंबरवर त्याच दिवशी पाठवले होते आणि लिंकेजच्या कामाला होकार त्यानंतरच घेतला. गाडी आणणारे आणि बिल भरणारे वेगळे होते, त्यामुळे तो निरोप तुमच्यापर्यंत पोचला नसेल हे मला समजतं. पण "न सांगता" हा शब्द मान्य नाही.

फोटोत दिसतं ते असं. मॅग्नेट जागच्या जागी, तडा नाही. आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, जळका वास नाही, त्याच्यावरच्या करंट घेणाऱ्या कम्युटेटरच्या पट्ट्या एकसारख्या, फक्त काळ्या पडलेल्या. नायलॉनच्या गिअरचे दात पूर्ण. ग्रीस मात्र मेणासारखं घट्ट झालेलं. आणि कम्युटेटरवर घासून करंट पोचवणाऱ्या तीन कार्बनपैकी एक जवळजवळ संपलेला. दोन वेगांच्या बहुतेक वायपर मोटरींत तीन कार्बन असतात: एक सामाईक, एक मंद वेगाचा त्याच्या बरोबर समोर, आणि तिसरा जरा बाजूला सरकवलेला. करंट या तिसऱ्यातून दिला की वाइंडिंगचा कमी भाग उलट व्होल्टेज तयार करतो, त्यामुळे मोटर जास्त वेगाने पळते. तुमचा हाच तिसरा संपला होता, म्हणून जलद वेग नव्हता. तिन्ही कार्बन बदलले, कम्युटेटर घासून साफ केला, नवं ग्रीस भरलं, झाकणाचं सील बदललं.

यातलं काही वेगळं दिसलं असतं, म्हणजे मॅग्नेट तुटलेला, आत पाणी जाऊन गंजलेली, गिअरचे दात गेलेले किंवा वाइंडिंग काळं पडलेलं, तर मीच मोटर बदला म्हणालो असतो. अशा मोटरवर मजुरी खर्च करणं शुद्ध मूर्खपणा. पण तुमच्या मॉडेलची मूळ मोटर कंपनी आता पुरवत नाही. इंटरनेटवर जी दिसते तिचा कपलर (वायर जोडायचं टोक) जुळतो, पण यादीत ती डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची आहे की उजव्या, हे अनेकदा लिहिलेलंच नसतं. चुकीची आली तर पार्कची जागा चुकते आणि वायपर काचेच्या भलत्याच टोकाला जाऊन झोपतात. मला चांगली जुनी मोटर अनोळखी नव्या मोटरपेक्षा जास्त भरवशाची वाटते. तुम्हाला नवीच हवी असेल तर माझी ना नाही. फक्त जुनी आणि नवी शेजारी ठेवून क्रँकची दिशा बघितल्याशिवाय बसवू नका.

मजुरी जास्त का, याचं उत्तर सरळ आहे. सुटे भाग किरकोळ होते, वेळ जास्त गेला. वायपरचे हात स्प्लाईनवर, म्हणजे स्पिंडलच्या दातेरी टोकावर, गंजून बसले होते, ते पुलरने काढावे लागले. ठोकून काढले तर काच फुटते. काचेखालची जाळी काढली तर पाणी निघून जायची दोन्ही भोकं कुजलेल्या पानांनी बुजलेली, म्हणजे प्रत्येक पावसात मोटरच्या शेजारी डबकं. ती मोकळी केली. जाम स्पिंडल गंज सोडवणाऱ्या तेलात रात्रभर भिजत ठेवला, गाडी थांबली ती यामुळे. सकाळी तो अख्खा निघाला, आतलं घर पॉलिश केलं, नवी सील घातली, लिंकेजचे दोन ढिले प्लॅस्टिक बुश बदलले. मग मोटर पार्क अवस्थेत आणून क्रँक काढताना केलेल्या खुणेवर बसवला. ही खूण चुकली तर वायपर एका बाजूला बॉनेटवर आपटतो किंवा दुसऱ्या बाजूला काचेबाहेर जातो.

गाडी देण्याआधी ओल्या काचेवर वायपर बराच वेळ चालवून मोटर हाताला किती गरम लागते ते पाहिलं आणि फेऱ्या मोजल्या. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या नियमांत जलद वेगाला मिनिटाला किमान ४५ फेऱ्या आणि दोन वेगांमध्ये किमान १५ फेऱ्यांचा फरक मागितला आहे. तुमची गाडी दोन्ही कसोट्यांना उतरली, आकडे जॉबकार्डवर आहेत.

उजव्या ब्लेडची जी फरफर ऐकू येते ती मोटरची नाही, रबर कडक झालंय. ब्लेडची जोडी बदला, ती कुठूनही घ्या. काच कोरडी असताना, किंवा वायपर बर्फाने वा चिखलाने चिकटलेले असताना स्विच चालू करू नका. आधी हाताने सोडवा.

बिल कमी करणार नाही, कारण झालेलं काम बिलाएवढंच आहे. पण काढलेले कार्बन, बुश, सील आणि तो हिरवा फ्यूज तुमच्या नावाच्या पाकिटात काउंटरवर ठेवलेत. फोन न उचलल्याबद्दल लिहिलंत. दुपारी हात ग्रीसमध्ये असतात, त्यापेक्षा संदेश पाठवलात तर उत्तर नक्की मिळेल. स्वतः गाडी घेऊन आलात तर उत्तम. जाळी पुन्हा उघडायला फार वेळ लागत नाही, लिंकेज सोडवून देतो आणि दोन्ही स्पिंडल तुम्हीच बोटांनी फिरवून बघा. त्याची मजुरी नाही. येताना वॉशरच्या टाकीत पाणी भरून आणा, गेल्या वेळी ती रिकामीच होती.