मोर विमानतळाला, पत्रा लोकलला?

मुंबईच्या जेजे आर्किटेक्चर कॉलेजच्या आमच्या बॅचच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच वाद पेटलाय. कुणीतरी नवी मुंबई विमानतळाचे फोटो टाकले. झाहा हदीद यांच्या ऑफिसने आखलेलं, कमळाच्या कल्पनेवर बेतलेलं ते छप्पर. त्याखाली आमच्यातल्याच एका हुशार मित्राने लिहिलं, 'पॅरामेट्रिक म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. मोर विमानतळाला, पत्रा लोकलला. आधी खड्डे बुजवा, मग छपरं वाकवा.' अंगठ्यांचा पाऊस पडला. मी विरोधात दोन ओळी लिहिल्या, तर लगेच उत्तर: 'तू मेलबर्नमध्ये बसून सांगू नकोस.'

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मोर म्हणजे मुंबईच्या सहार विमानतळाचं टर्मिनल टू, टी-टू. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या टर्मिनलचे तीस खांब वर जाता जाता फुलतात आणि छताला मिळतात, छतात मोरपिसाच्या डोळ्यांची आठवण करून देणारी नक्षी. मित्राचा राग मला कळतो. दादरला पत्र्याखाली घामाने निथळत उभं राहिलेल्या माणसाला तो राग यायलाच हवा. पण त्या रागातून त्याने काढलेला निष्कर्ष साफ उलटा आहे. पॅरामेट्रिक पद्धत, म्हणजे मापांमधली नाती आधी लिहून संगणकावर इमारत आखणं, विमानतळापेक्षा लोकलच्या जिन्याला जास्त लागते, आणि आपल्याकडे तिचा वापर जिथे फोटो चांगला येतो तिथेच होतो. भांडायचं तर यावर भांडा.

पॅरामेट्रिक म्हटलं की आपल्या लोकांना वळणं दिसतात. वळणं हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. ब्लाउज शिवणारी बाई छातीचं माप बदललं की मुंढा, बाही, टक्स सगळं त्या हिशोबाने बदलते, एकेक तुकडा सुटा कापत बसत नाही. तसंच हे. इमारतीचं चित्र काढायच्या आधी मापांमधली नाती लिहायची: जिन्याची रुंदी गर्दीवर अवलंबून, छपराचा उतार पावसावर, खांबांची जागा रुळांवर. मग एक आकडा बदलला की बाकीचं संगणक बदलून दाखवतो, आणि चाळीस पर्याय एका दुपारी तपासता येतात. इटलीच्या लुइजी मोरेत्तीने १९६० मध्ये मिलानच्या त्रिएनाले या प्रदर्शनात 'पॅरामेट्रिक वास्तुकला' म्हणून जे मांडलं, ती स्टेडियमची मॉडेल्स होती. प्रत्येक प्रेक्षकाला मैदान नीट कुठून दिसेल, या हिशोबातून त्यांचे आकार निघाले होते. म्हणजे या विषयाची सुरुवातच सार्वजनिक जागेतल्या सामान्य माणसापासून झाली. श्रीमंती नंतर चिकटली.

आता अंधेरीला या. गोखले पुलाचा भाग ३ जुलै २०१८ ला रुळांवर कोसळला. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली, आणि सगळ्या देशाने फोटो पाहिले: नवा पूल वर, त्याला जोडायचा बर्फीवाला उड्डाणपूल खाली, मध्ये माणसाच्या छातीएवढी उंचीची तफावत. कारण साधं होतं. रुळांवर किती मोकळी उंची सोडायची हा रेल्वेचा नियम मधल्या काळात बदलला, नवा पूल वर सरकला, बर्फीवाला होता तिथेच राहिला. शेवटी जॅक लावून तो उचलला आणि जुलैमध्ये जोडणी झाली. जॅक लावणाऱ्या इंजिनिअरांचं कौतुकच आहे, काम सोपं नव्हतं. पण रुळांवरची मोकळी उंची हा एक आकडा आहे. दोन्ही पूल एकाच मॉडेलमध्ये बांधलेले असते, तर तो बदलल्याच्या दिवशी बर्फीवाल्याचं टोक पडद्यावर लाल झालं असतं. कोणाला कधी कळलं हा वाद मी सोडून देते. माझं म्हणणं एवढंच की रुळांवरचा भाग रेल्वेचा, पोहोचरस्ते महापालिकेचे, आणि दोघांच्या फायली वेगळ्या असतील तर असंच होणार. असं मॉडेल दोन्ही खात्यांना एका टेबलावर बसायला लावतं. मला त्यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते, आणि ती कुठल्याच चकचकीत फोटोत येत नाही.

'आधी खड्डे, मग छपरं' असं मित्र म्हणतो तेव्हा मला २९ सप्टेंबर २०१७ आठवतो. तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, आताचं प्रभादेवी. मी त्याच भागात वाढले. कॉलेजला जाताना पश्चिमेकडून तोच ब्रिज ओलांडून परळला उतरायचं आणि सीएसटीची गाडी पकडायची. त्या जिन्याची पायरी कुठे झिजलेली, कठड्याचा पाइप कुठे हाताला थंड लागायचा, हे मला आजही सांगता येईल. त्या सकाळी पाऊस आला. बाहेर पडायचे ते लोक आडोशाला ब्रिजवरच थांबले. मागून गाड्या येतच होत्या, माणसं भरतच गेली. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पाऊस, छप्पर, जिना, दोन गाड्यांमधलं अंतर: चार गोष्टी एकमेकींत अडकलेल्या होत्या. जिन्यापलीकडे पुरेसा निवारा असता तर लोक जिन्यावर थांबले असते का? माझ्या व्यवसायात ज्याला पॅरामेट्रिक प्रश्न म्हणतात तो हाच. छप्पर हा तिथे शोभेचा विषय नव्हताच. 'आधी हे, मग ते' अशी रांग लावली की नेमकं हेच नातं तुटतं.

आणि इथे परदेशी सॉफ्टवेअर जसंच्या तसं आणून चालणार नाही, हेही मीच सांगते. गर्दीच्या अभ्यासात जॉन फ्रुइन या अभ्यासकाच्या १९७१ च्या, दाटी मोजायच्या श्रेणी अजून वापरात आहेत. त्यांत चालायच्या वाटेवर चौरस मीटरमागे साधारण दोन-सव्वादोन माणसं झाली की सर्वांत वाईट श्रेणी सुरू होते. मुंबईच्या लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळेला चौरस मीटरमागे १४ ते १६ माणसं उभी असतात, आणि रेल्वेकडे त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं अधिकृत नाव आहे. माझ्या पडद्यावरची माणसं दोन हात अंतर राखून चालतात. दादरची माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून रस्ता वाचतात. हे गणित मुंबईतच लिहावं लागेल, मुंबईकरांनीच. पावसाचंही तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. मेलबर्नला अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही.

आता ज्या मेलबर्नवरून मला टोमणे बसतात, त्याबद्दल. मी रोज सदर्न क्रॉस स्टेशनला मायकी, म्हणजे इथलं तिकिटाचं कार्ड, टॅप करून बाहेर पडते. २००६ मध्ये पुरं झालेलं निकोलस ग्रिमशॉ यांच्या फर्मचं हे स्टेशन. त्याचं छप्पर लाटालाटांचं आहे, आणि लाटा उगाच नाहीत. बाहेरगावी जाणाऱ्या व्हीलाइनच्या डिझेल गाड्यांचा धूर आणि गरम हवा वर चढून उंचवट्यांत जमते आणि वाऱ्याबरोबर बाहेर जाते. आकार हवेने ठरवला. मुंबईत पंख्याखालची जागा मिळवायला लोक प्लॅटफॉर्मवर सरकत असतात, तेव्हा मला हे छप्पर आठवतं आणि चीड येते.

फेडरेशन स्क्वेअरची गोष्ट तर मी मित्राला मुद्दाम ऐकवते. रुळांवर डेक टाकून त्यावर बांधलेला हा चौक ऑक्टोबर २००२ मध्ये उघडला. दगड, जस्त आणि काच यांचे त्रिकोण. पाच त्रिकोण मिळून तसाच मोठा त्रिकोण, आणि तरी भिंत कुठेच एकसुरी दिसत नाही. खर्च अंदाजाच्या कित्येक पटींनी वाढला. लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या. सेंट पॉल्स कॅथेड्रलचं दर्शन झाकतं म्हणून एक भाग सरकारने छाटायला लावला. आणि पुढे तिथे ॲपलचं दुकान काढायचं ठरलं, तेव्हा तीच माणसं चौक वाचवायला उभी राहिली. २०१९ मध्ये दुकान बारगळलं, चौकाला वारशाचा दर्जा मिळाला. वापरून वापरून तो त्यांचा झाला.

आपल्याकडे हे घडलेलं नाही का? व्हीटी पाहा. फ्रेडरिक स्टीव्हन्सचं डिझाइन, १८७८ ला सुरू झालेलं काम, जेजेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं कोरीवकाम. तिकिटाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर एवढी कलाकुसर कशाला, असं आज कुणी विचारत नाही. ती दगडी फुलं आपण आपली मानतो. मग आजच्या काळाचं उत्तम ते लोकलच्या माणसाला का मिळू नये? 'आम्हाला साधंच बरं' हे वाक्य मला गरिबांच्या बाजूचं वाटत नाही. ते त्यांच्या नावाने दुसऱ्याच कुणीतरी म्हटलेलं असतं.

आता 'मेलबर्नमध्ये बसून' या टोमण्याबद्दल. इथल्या काउन्सिलच्या सुनावणीत मी ट्राम स्टॉपवर बोलते, तेव्हा कुणी विचारत नाही की तू कुठली. तीन मिनिटं मिळतात, बोलायचं, बसायचं. माझा जन्म ज्या शहरात झाला, आई ज्या शहरात अजून भाजी आणायला उतरते, तिथे मात्र बोलायच्या आधी हजेरी द्यावी लागते. मी गेले, हे खरं आहे. मला जे काम करायचं होतं ते तेव्हा मुंबईत कुणी देत नव्हतं, हेही खरं आहे. पासपोर्ट बदलला तेव्हा कागदावर सही करताना हात थरथरला नाही. पण ग्रुपवरच्या त्या एका ओळीने मी रात्रभर जागी राहिले. कारण मला इथल्या गर्दीत माणसं मोजता येतात, ओळखता येत नाहीत. कुठल्याही स्टेशनचं मॉडेल तपासताना मी मनात त्यात पावणेनऊची दादर फास्ट सोडते. ती गर्दी जिन्याला झेपते का, ते आधी बघते. माझ्या कामाचं मोजमाप अजून तिथलंच आहे, आणि ते काढून घ्यायचा अधिकार मी कुणाला देणार नाही.

तेव्हा माझं मागणं एवढंच. एक ब्रिज घ्या, दादरचा मधला घ्या. जेजेच्या आणि व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना तिथे पावसाळाभर मोजू द्या: कोण कुठे थांबतं, पाणी कुठून गळतं, गाडी आल्यावर जिना किती वेळात रिकामा होतो. रेल्वे आणि महापालिका दोघांनी आपापले आकडे एका खुल्या फाइलमध्ये टाकावेत. मॉडेल लिहायला मी आहे, फुकट. आमच्या हिवाळ्यात, म्हणजे तुमच्या पावसाळ्यात, तुमचे संध्याकाळचे सहा म्हणजे माझे रात्रीचे साडेदहा. रोज बसायची तयारी आहे. मित्रालाही बोलावलंय, आणि जिन्याची रुंदी कोणी ठरवायची यावर आमचं पहिलं भांडण तिथेच होणार आहे.