स्टेन मारा आणि वाऱ्यावर सोडा

भावा, डेकला आणि कुंपणाच्या फळ्यांना स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, मारायचं काम घेतलंयस ना, मग आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, ओव्हरस्प्रे, म्हणजे फळी सोडून भलतीकडं उडणारा फवारा, आपला आणि साफसफाई मालकाची. एवढं जमलं की धंदा एकदम सोपा. हल्ली पन्हाळा रोडला ज्याला त्याला फार्महाऊस पाहिजे, फार्महाऊसला लाकडी डेक पाहिजे, डेकवर बसून पांढरा रस्सा पाहिजे, आणि नागाळा पार्कातल्या बंगल्यालासुद्धा दगडी कंपाऊंडच्या डोक्यावर फळ्यांचं कुंपण पाहिजे. पाहिजे तर पाहिजे, आपल्याला काय, आपल्याकडं एअरलेस मशीन आहे, हवेशिवाय नुसत्या प्रेशरनं रंग फवारणारं.

मशीन भाड्याचं असलं तरी चालतंय. त्याला आधीच्या पेंटरनं भिंतीच्या कामाला लावलेली टिप, म्हणजे फवाऱ्याचं तोंड, असते, तीच राहू दे. टिपवर ५१७ असला काहीतरी आकडा असतो आणि काही रिकामटेकडे लोक त्याचा अर्थ लावत बसतात, म्हणे पहिल्या आकड्याची दुप्पट म्हणजे १२ इंचावरनं पडणाऱ्या पट्ट्याची रुंदी, इथं १० इंच, आणि पुढचे दोन आकडे म्हणजे भोकाचं माप, इंचाच्या हजाराव्या भागात. स्टेन पातळ असतं, त्याला ११ नाहीतर १३ चं भोक बास होतं आणि प्रेशरही भिंतीच्या रंगापेक्षा बरंच कमी लागतं. पण टिपला पैसे कशाला घालायचे? १० इंचाचा पट्टा, ४ इंचाची फळी, उरलेल्या ६ इंचाचं स्टेन कुठं जातं हा तुझा विषयच नाही. प्रेशर फुल्ल ठेव. प्रेशर जितकं जास्त तितकं स्टेनचं धुकं बारीक, आणि धुकं बघायला लोक पेट्रोल जाळून पन्हाळ्यावर जातात की, तू ते नागाळा पार्कात फुकट दाखवतोयस.

आता वेळ. सकाळी सात-आठला वारं पडलेलं असतं, त्यावेळी कामावर जायचं नाही, रंकाळ्याला चक्कर मार, मिसळ खा, कुणी विचारलं तर सकाळी लाकूड दमट असतंय म्हणून सांग. काम काढायचं ते एप्रिल-मे मधल्या दुपारी तीननंतर, वळवाच्या आधी जे वारं सुटतं ना त्यात. आणि स्टेन तेलाचंच घे. पाण्यातल्या स्टेनचा बारीक थेंब हवेतच अर्धामुर्धा वाळतो आणि लांब गेला तर नुसती धूळ होऊन पडतो, झटकली की गेली, त्यात काय मजा. तेलाचा थेंब हळू वाळतो, कंपाऊंड ओलांडून ओला जातो आणि जिथं बसेल तिथं जीव लावून बसतो.

झाकाझाकी अजिबात नको. मास्किंग टेप, प्लास्टिक, चादरी, हे सगळं घाबरट लोकांचं. फळीच्या पलीकडं प्लायचा तुकडा धरून एक पोरगं उभं केलं तर बरीच भानगड जागेवरच मिटते हे खरंय, आणि सगळ्यात शहाणा माणूस असेल तर तो शेजाऱ्याच्या बाजूच्या फळ्यांना मशीन लावतच नाही, ब्रशनं मारतो. पण ब्रशनं मारायला वेळ लागतो, वर स्टेन लाकडात चांगलं मुरतं, म्हणजे पुढचं काम लवकर निघत नाही. बघ तूच.

झाडांवर मात्र प्लास्टिक टाक, तेही भर उन्हात आणि बुडापासनं गच्च बांधून. काही लोक झाडांना आधी पाणी मारतात, वरनं जुनं धोतर नाहीतर साडी टाकतात आणि काम झालं की लगेच काढतात. तू संध्याकाळपर्यंत ठेव. तुळस, जास्वंद सगळं आत वाफेवर शिजेल, पण पानावर एक ठिपका दिसणार नाही, गॅरंटी.

बरं, शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर ठिपके पडलेले तुला दिसले. गप्प बसायचं. ओलं असताना तेलाचं स्टेन टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून निघतं, वरनं साबणाचं पाणी मारलं की विषय संपला, म्हणून तर त्यावेळी हात लावायचा नाही. दोन-चार दिवस उन्हात पक्कं होऊ दे. मग शेजारी बोंबलत आला की पिशवीतनं एनसी थिनर, म्हणजे वाळलेला रंगसुद्धा विरघळवणारं जहाल थिनर, काढ. थिनरनं ठिपका जातो, ठिपक्याखालची चमक जाते, जोर लावलास तर गाडीचा रंग पण जातो आणि हेडलाईटची काच, जी काच नसून पॉलिकार्बोनेट असते, ती कायमची धुरकट होते. गाड्यांचं डिटेलिंग करणाऱ्यांकडं क्ले बार म्हणून एक मऊ वडी मिळते, गाडी धुवून, शाम्पूच्या पाण्यानं ओली ठेवून, हलक्या हातानं ती फिरवली की वर बसलेले ठिपके उचलून येतात आणि रंगाला धक्का लागत नाही, पण त्यात अर्धा दिवस जातो आणि सगळा वेळ शेजारी कमरेवर हात ठेवून बघत असतो. आपली काय इज्जत आहे का नाही?

खिडक्यांच्या काचांना कोरडं ब्लेड लाव. भिजवून, साबण लावून, नवीन ब्लेड आडवं धरून खरवडलं तर ओरखडे उठत नाहीत, मग मालकाला कळणार कसं की तू कष्ट घेतलेस.

दगडाचं मात्र शास्त्र आहे, इथं जरा नीट लक्ष दे. अंगणात शहाबादी असली तर सरळ संडासचं ॲसिड ओत. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिड पडलं की फेस येतो, मालकाला वाटतं काहीतरी जबरदस्त चाललंय, आणि खरंच चाललेलं असतं, दगड विरघळत असतो. स्टेनमधलं तेल ॲसिडला दाद देत नाही, ठिपका तिथंच राहतो, भोवतालची फरशी तेवढी पांढुरकी पडते. टर्पेंटाइनमध्ये टाल्कम पावडर कालवून ठिपक्यावर जाड लेप द्यायचा, प्लास्टिकनं झाकून रात्रभर ठेवायचा म्हणजे पावडर तेल वर ओढून घेते, असं जुने लोक करतात, एकदा नाही निघालं तर परत करतात. येवढा पेशन्स असता तर आपण स्प्रेच का घेतला असता? आणि पन्हाळ्याकडं जांभ्याची भिंत असली तर काहीच करू नकोस. जांभा सगळा भोकाभोकाचा, त्यात गेलेलं स्टेन बाहेर काढायच्या नादाला लागण्यापेक्षा सगळ्या भिंतीला तसलाच कलर मारूया म्हणून सांग, तेवढंच एक्स्ट्रा काम.

राहिल्या चिंध्या. स्टेनमध्ये जवसाचं तेल असलं तर पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून लाकडाच्या भुशाशेजारी कोपऱ्यात टाक आणि घरी जा. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, चिंधी पसरलेली असली तर ती उष्णता निघून जाते, बोळ्यात मात्र कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. १९९१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली बिल्डिंगला लागलेली आग अशाच जवसाच्या चिंध्यांनी सुरू झाली होती, आगीशी लढताना ३ जवान गेले. इथं चेष्टा नको, चिंध्या बाहेर एकेक करून वाळत घाल नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेव. बाकी सगळं माझं ऐक, बोळा करायचं तेवढं ऐकू नकोस.

शेवटी बिल. बिलात ‘क्लीनिंग चार्जेस’ वेगळे लाव आणि ते ठळक लिही. मालक म्हणेल, अहो डाग तुम्हीच पाडले की. तर म्हणायचं, काका, डाग वाऱ्यानं पाडले, आम्ही काढायचा प्रयत्न केला, प्रयत्नाचे पैसे आहेत हे. काका पंचगंगेचं पाणी पिलेले असतील तर तुला एक पैसा देणार नाहीत, उलट आतनं काठी आणतील. आली काठी की तसाच शेजाऱ्याकडं जा, त्याच्या बाजूनं कुंपण अर्धं रंगलेलंच आहे, राहिलेल्या अर्ध्याचं कोटेशन त्याला त्याच दिवशी दे.