गोव्यात ड्रोन कुठे उडवावा, याविषयी थोडे सविस्तर

गोव्यात ड्रोन उडवण्याजोग्या जागा कोणत्या, असा प्रश्न कुठेही निघाला की उत्तरात तीच नावे पुन्हा पुन्हा येतात: दूधसागर, शापोऱ्याचा किल्ला, काबो द राम, तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ. या जागा सुंदर आहेत यात वाद नाही. परंतु जागा सुंदर आहे एवढ्यावरून ती ड्रोनची ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे जमिनीवर उभे राहून अर्धेच समजते आणि उरलेले वर गेल्याशिवाय उलगडत नाही, तिथे ड्रोनचा खरा उपयोग आहे. जिथे पायी गेलेल्या माणसाला सगळे मिळते, तिथे परवानगी मिळाली तरी तो पेटीतच राहू द्यावा.

तांबडी सुर्ल्याचेच पाहा. कदंबकाळातील, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातील हे देऊळ काळ्या बेसाल्टात घडवलेले आहे आणि त्याचे सारे वैभव जवळून पाहण्यात आहे: मंडपाचे घोटीव खांब, छतावरचे कमळ, खांबाच्या तळाशी कोरलेला हत्ती. शंभर फुटांवरून यांतले काय दिसते? झाडीत बसलेला एक लहानसा काळा ठिपका. शिवाय देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि ते भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात येते, त्यामुळे पुरातत्त्व आणि वन अशा दोन्ही खात्यांची लेखी अनुमती लागते. दूधसागरही याच अभयारण्यात आहे. सुमारे 310 मीटरांवरून उतरणारे ते पाणी खाली उभे राहून मान वर करून पाहिले म्हणजे त्याची उंची अंगावर येते. वरून टिपलेल्या चित्रात तीच उंची सपाट होते, आणि त्या चित्रासाठी रानातल्या पाखरांना पंख्यांचा आवाज सोसावा लागतो.

मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो आपल्या खाजनांचा, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतांचा मुलूख. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठांवरून वाहनातून जाताना खाजन म्हणजे एक सपाट शेत दिसते, कडेला एक बांध, बांधापलीकडे खारफुटी. वरून पाहिले की तीच जमीन एक आखीव यंत्रणा असल्याचे ध्यानात येते. पूर्वीच्या खाडीच्या वळणांचे माग अजून शेतांच्या मेरांतून वाकत गेलेले दिसतात. बाहेरचा मोठा बांध कुठे नदीला सामोरा जातो आणि कुठे मागे सरतो, मानशीजवळचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या मोरीजवळचे, पोय नावाचे खोलगट तळे किती मोठे आहे, पाणी आत कोणत्या वाटांनी फिरते, हे सारे एका चौकटीत येते. भरतीच्या दाबाने मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेने, चालवलेली ही व्यवस्था पुस्तकात वाचून जितकी कळते, त्याहून अधिक ती ओहोटीच्या वेळी दीडशे फुटांवरून सरळ खाली पाहिले म्हणजे कळते. जिथे बांध फुटला आहे तिथे खारट पाण्याची तपकिरी जीभ शेतात शिरलेली दिसते, आणि ज्या शेतात कित्येक वर्षे कोरगुट हे खारेपणा सोसणारे भात पेरले गेले नाही तिथे खारफुटी उगवून आलेली दिसते. भाताचे सरद, म्हणजे पावसाळी पीक पिवळे होऊ लागते तेव्हा, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, पहाटेच्या तिरप्या उजेडात हा मुलूख टिपावा. दिवाडी आणि चोडण ही बेटे त्यासाठी विशेष चांगली. मात्र चोडणवर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, त्याच्या आसपास ड्रोन काढूच नये.

दिवाडीचा उल्लेख केला तो आणखी एका कारणासाठी. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान या बेटावर होते. सोळाव्या शतकात तिथले देऊळ पाडले गेले, देवाचे लिंग नदीपार डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आले, आणि 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हा इतिहास आपल्याकडे शाळेतील मुलालाही ठाऊक असतो. पण मूळ जागा, मधले नदीचे पात्र आणि पलीकडचे नार्वे ही तिन्ही एकाच दृश्यात पाहिली म्हणजे एका काठावर पोर्तुगीजांची सत्ता आणि समोरच्या काठावर ती नाही, हे अंतर केवढे थोडे होते ते डोळ्यांना पटते. नकाशा हे सांगतो खरा, परंतु नकाशात पाण्याची रुंदी आणि टेकडीची आड जाणवत नाही. देवळाच्या शिखराभोवती घिरट्या घालण्याची त्यासाठी मुळीच गरज नाही. नदीकाठच्या मोकळ्या जागेवरून, देवळापासून दूर राहून हे साधता येते आणि तसेच साधावे.

सांगे तालुक्यातील पणसायमळ येथे प्रश्न निराळा आहे. कुशावतीच्या काठी जांभ्या दगडाच्या सपाटीवर कोरलेली ती प्रागैतिहासिक चित्रे 1993 च्या सुमारास अभ्यासकांसमोर आली. त्यात बैल आहेत, हरणे आहेत, मोर आहे आणि प्रसिद्ध चक्रव्यूहही आहे. कोकणातील कातळशिल्पांचा जो समूह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत 2022 मध्ये गेला, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील जागांबरोबर पणसायमळही आहे. जमिनीवर आडवी कोरलेली मोठी आकृती उभ्या माणसाला नेहमी वाकडी दिसते, तिचे खरे प्रमाण लंबरेषेत वरूनच कळते. तरीही खोदकाम उथळ असल्याने भर दुपारी वरून काहीच दिसत नाही. सूर्य क्षितिजालगत असताना रेषेच्या एका कडेला सावली धरते, तेव्हाच चित्र उमटते. इथे ड्रोन म्हणजे अभ्यासाचे साधन आहे, आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला विचारून, अभ्यासकाच्या सोबतीने तो वापरला जावा असे मला वाटते. केवळ रील करण्यासाठी त्या दगडांवर पाय देणाऱ्यांची गर्दी वाढणार असेल तर नकोच.

किल्ल्यांबद्दल थोडक्यात सांगतो. शापोऱ्याला गर्दी फार, त्यामुळे माणसांच्या डोक्यावरून उडवल्याशिवाय तिथे काही साधत नाही. कोरजुवेचा किल्ला इतका आटोपशीर आहे की तटावर एक फेरी मारली की पुरते. काबो द राम मात्र अपवाद मानावा लागेल, कारण समुद्रात घुसलेले ते भूशिर, जमिनीच्या बाजूचा खंदक आणि तटाचा घेर यांचा एकमेकांशी असलेला संबंध वरूनच उमगतो. हा किल्ला 1763 मध्ये सोंद्याच्या राजाकडून पोर्तुगीजांकडे गेला. तो इतका काळ का झगडण्याजोगा होता, हे त्या भूशिराचा आकार पाहिला की कळते.

आता नियमांकडे येतो, कारण त्यांबाबत फार गैरसमज आहेत. 2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी केली. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 120 मीटरपर्यंत, हवाई वाहतुकीची वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते आणि त्याच्या आत आले की हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारावे लागते. गोव्याचे क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर, त्यात दाबोळीला नौदलाचा तळ आणि विमानतळ, आणि जानेवारी 2023 पासून मोपाही सुरू झालेला. त्यामुळे पेडणे आणि मुरगाव तालुक्यांचा मोठा भाग या वर्तुळांत सापडतो, आणि पूर्वी पेडण्यात उडवत होतो म्हणून आजही चालेल असे धरून चालू नये. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, तसेच 2 किलोपर्यंतच्या ड्रोनच्या हौशी वापराला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, ही सवलत आहे. पण ती सवलत म्हणजे कुठेही उडवण्याचा परवाना नव्हे. हिरवा रंग फक्त विमानवाहतुकीपुरता बोलतो, खालची जमीन अभयारण्याची आहे, पुरातत्त्व खात्याची आहे की कोणाच्या घरची परसबाग आहे, हे तो सांगत नाही.

आणि जमिनीची गोष्ट निघाली म्हणून हे सांगणे मला सर्वांत आवश्यक वाटते. गोव्याच्या खेड्यात आज ड्रोनचा आवाज ऐकू आला की लोकांच्या मनात पहिली शंका येते ती ही, की कोणाची जमीन विकायला निघाली. ही शंका अवास्तव नाही. शेते आणि डोंगर यांचे वरून घेतलेले देखणे चित्रण भूखंडांच्या जाहिरातींत आपण रोज पाहतो. नगरनियोजन कायद्यातील 17(2) आणि 39अ या, जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याला वाट देणाऱ्या कलमांवरून गावागावांत किती अस्वस्थता आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे. अशा वेळी न विचारता गावावर ड्रोन उडवणे म्हणजे त्या भीतीत भर घालणे होय. म्हणून उडवण्यापूर्वी पंचायतीत सांगावे, शेत खाजनातले असेल तर कुळांच्या संघटनेशी बोलावे, आणि बांधावर कोणी काम करत असेल तर जवळ जाऊन आपण काय टिपणार आहोत ते त्यांना पडद्यावर दाखवावे. माझा अनुभव असा की दाखवल्यावर बहुतेक वेळा तेच वडीलधारे सांगू लागतात, अमुक मानस पाहा, तमुक बांध पाहा, आणि मग आपल्याला जे दिसलेच नसते ते दिसू लागते. नाही म्हणाले तर मुकाट्याने परत फिरावे.

वाऱ्याची एक सूचना नवख्यांसाठी. आपल्याकडे सकाळ शांत असते आणि दुपारी समुद्राकडून वारा धरतो. किनाऱ्यावरून आत, पूर्वेकडे नेलेला ड्रोन जाताना सुसाट जातो आणि परत येताना त्याच वाऱ्याविरुद्ध झुंजतो, म्हणून बॅटरीचा हिशेब जाण्याच्या वेगावरून कधीही करू नये. घारींची विणीची वेळ असेल तर माडांच्या शेंड्यांपासून लांब राहावे, त्या ड्रोनवर झेपावतात आणि इजा त्यांनाच होते.

शेवटी कुर्डीविषयी. साळावली धरणाच्या जलाशयात गेलेले हे गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा उघडे पडते, आणि वाडे व वालकिणी या गावांत जाऊन वसलेली कुटुंबे सोमेश्वराच्या उत्सवासाठी तिथे परत येतात. खाली उभे राहिले की चिखल, दगड आणि खुंट एवढेच दिसते. वरून पाहिले की घरांचे चौथरे, वाटा, शेतांच्या मेरा, ओहोळाचा माग असे गाव रांगेने मांडलेले दिसते. पण दर पावसाळ्यात पाणी गाळ आणते आणि दर वर्षी त्या खुणा थोड्या थोड्या पुसट होतात. परवानगी घेऊन, उत्सवाचा दिवस टाळून, ठरावीक उंचीवरून दर मे महिन्यात या गावाचे चित्रण झाले, आणि मूळ कुर्डीकरांना बसवून कोणता चौथरा कोणाचा हे त्यावर लिहून घेतले, तर त्या गावाचा नकाशा त्याच्याच माणसांच्या तोंडून तयार होईल. हे सांगू शकणारी पिढी आज वयस्क आहे. ज्यांच्याकडे गेल्या काही उन्हाळ्यांतील कुर्डीचे वरून घेतलेले चित्रण असेल, त्यांनी दिनांकासह कृपया खाली कळवावे. वाडे आणि वालकिणीतील ज्यांना घरच्या वडीलधाऱ्यांना ते दाखवण्याची इच्छा असेल, त्यांनीही लिहावे.